स्क्रब टायफसचे निदान : प्रतिपिंड तपासणी काय सांगते आणि काय सांगत नाही

२०१८ च्या पावसाळ्यात मुंबई-हावडा लोहमार्गावरील दोन शहरांत तापाच्या दोन साथी जवळजवळ एकाच सुमारास आल्या. भिलाईत, विशेषतः खुर्सीपारसारख्या दाट वस्तीच्या भागात, डेंग्यू पसरला. तेथून अडीचशे किलोमीटरांहून थोड्या अधिक अंतरावर असलेल्या नागपुरात ग्रामीण विदर्भातून स्क्रब टायफसचे रुग्ण दाखल होऊ लागले. दोन्हीकडे माणसे दगावली. अंथरुणावरच्या रुग्णाकडे पाहून या दोन आजारांतला फरक ओळखणे अनुभवी डॉक्टरांनाही सोपे नसते. तीव्र ताप, कपाळ फोडणारी डोकेदुखी, सर्वांग ठणकणे आणि रक्तातील प्लेटलेट घसरणे ही लक्षणे दोन्हींत आढळतात. मात्र डेंग्यू हा विषाणूचा आजार असून त्यावर थेट औषध नाही. स्क्रब टायफस हा जिवाणूचा आजार आहे आणि डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त प्रतिजैविक वेळेवर मिळाल्यास बहुतेक रुग्ण दोन-तीन दिवसांत उतारावर येतात. उपचार न मिळालेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत बरेच कमी-अधिक आढळले असले, तरी मध्यमान शेकडा सहाच्या आसपास आहे. त्यामुळे निदानातील चूक येथे जिवावर बेतू शकते.

हा आजार शेतकऱ्याच्या वाट्याला अधिक येतो. दुर्ग-राजनांदगाव पट्ट्यातील आणि त्याला लागून असलेल्या गोंदिया-भंडाऱ्याच्या धानशेतीत भाद्रपद ते कार्तिक या काळात बांधावरचे गवत गुडघाभर वाढलेले असते. निंदण, गवतकापणी, जनावरे चारणे आणि पुढे धानकापणी ही कामे त्याच गवतात उतरून करावी लागतात. भिलाईत तर पोलाद कारखान्याच्या वसाहतींपासून धानाची शेते फार दूर नाहीत. एकाच दवाखान्याच्या रांगेत डासांनी चावलेला कामगार आणि गवतात राबलेला शेतमजूर शेजारी-शेजारी बसलेले असू शकतात.

बांधावरचा वाहक

स्क्रब टायफसचा जिवाणू म्हणजे ओरिएंशिया त्सुत्सुगामुशी. जपानी भाषेत ‘त्सुत्सुगा’ म्हणजे आजार किंवा अपाय आणि ‘मुशी’ म्हणजे किडा. नदीकाठच्या शेतांत काम करणाऱ्या जपानी शेतकऱ्यांना या दुखण्याचा संबंध एका बारीक जिवाशी आहे हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. वर्तमानपत्रांतून या वाहकाला सर्रास ‘कीटक’ म्हटले जाते, ते शास्त्रदृष्ट्या बरोबर नाही. तो कोळीवर्गीय जीव आहे. वांगी-भेंडीवरच्या लाल कोळ्याचा दूरचा नातलग. गोंधळ होण्यास एक कारण मात्र आहे. प्रौढ कोळ्याला आठ पाय असतात, पण माणसाला चावते ती त्याची अळी, आणि तिला कीटकाप्रमाणे सहाच पाय असतात. या अळीला चिगर म्हणतात. तिची लांबी मिलिमीटरच्या पाचव्या भागाइतकी, रंग नारिंगी-तांबूस. उघड्या डोळ्यांना ती जवळजवळ दिसत नाही.

पहिल्या पावसानंतर शेतात दिसणारा मखमली लाल मृगाचा किडा हाही याच कुळाच्या जवळचा. त्याचा या रोगाशी काहीही संबंध नाही. तो दिसला म्हणून घाबरण्याचे किंवा त्याला मारण्याचे कारण नाही.

चिगरची जीवनकहाणी निदानाच्या दृष्टीनेही समजून घेण्यासारखी आहे. अळी आयुष्यात एकदाच पृष्ठवंशी प्राण्याच्या अंगावर बसते. बहुधा तो उंदीर, घूस किंवा चिचुंद्री असतो. माणूस मध्ये सापडतो तो योगायोगाने. ती रक्त शोषत नाही. लाळ सोडून त्वचेच्या पेशी विरघळवते आणि तो द्रव पिते. दोन-तीन दिवसांनी पोट भरले की जमिनीवर उतरते. पुढील अवस्था आणि प्रौढ कोळी मातीत राहून इतर बारीक संधिपादांची अंडी खातात. आता अळी एकदाच चावत असेल, तर पहिल्याच चाव्यात तिच्याकडे जिवाणू येतो कोठून? आईकडून. बाधित मादीच्या अंड्यांतून तो पुढच्या पिढीत उतरतो. म्हणजे या रोगाचे खरे कोठार कोळी स्वतःच आहे. उंदीर हा त्या कोळ्याचा पोशिंदा. एखाद्या बांधावर रोगाचा ठिपका एकदा तयार झाला की तो वर्षानुवर्षे तेथेच राहतो, यामागचे कारणही हेच.

चावा दुखत नाही. सहा ते एकवीस दिवसांनी ताप येतो, तोवर रुग्णाच्या ते स्मरणातही नसते. काहींच्या अंगावर चाव्याच्या जागी सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी, न दुखणारी खपली उमटते. ती काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली, स्तनांखाली अशा झाकलेल्या जागी असते आणि मुद्दाम शोधल्याशिवाय सापडत नाही. खपली सापडली तर निदान जवळपास तेथेच झाले असे समजावे. परंतु ती प्रत्येकाच्या अंगावर नसते. मग रक्ताकडे वळावे लागते.

जिवाणू दिसत नाही, त्याची नोंद दिसते

बऱ्याच गंभीर जिवाणू-संसर्गांत रक्त पोषक द्रावणात ठेवून जिवाणू वाढवता येतो. ओरिएंशियाच्या बाबतीत हा मार्ग बंद आहे. तो केवळ जिवंत पेशींच्या आतच वाढतो. त्याची वाढ करण्यास उच्च दर्जाची सुरक्षित प्रयोगशाळा लागते आणि काही आठवडे जातात. रुग्णाजवळ तेवढा वेळ नसतो. म्हणून जिवाणूऐवजी त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधली जातात.

कृषी विस्तार क्षेत्रातील वाचकांना एलायझा ही चाचणी नवी नाही. केळीतील पर्णगुच्छ किंवा पपईतील रिंगस्पॉट विषाणू ओळखण्यासाठी ती वापरली जाते. बीटी कपाशीतील क्राय प्रथिन तपासण्याची पट्टीही त्याच तत्त्वावर चालते. येथे एक महत्त्वाचा भेद लक्षात ठेवला पाहिजे. वनस्पती प्रतिपिंडे बनवत नाही. पानाच्या रसात आपण प्रत्यक्ष विषाणूचे किंवा बीटी प्रथिनाचे अस्तित्व शोधतो. पट्टीवर रेष उमटली म्हणजे ती वस्तू त्या क्षणी तेथे आहे. स्क्रब टायफसच्या तपासणीत याच्या उलट घडते. तेथे जिवाणू शोधला जात नाही. शरीराने त्याची घेतलेली दखल शोधली जाते. चोर घरात आहे की नाही हे पाहण्याऐवजी पोलीस ठाण्याची नोंदवही वाचण्यासारखे हे आहे. तक्रार नोंदवायला वेळ लागतो, आणि चोर पकडला गेल्यावरही नोंद वहीत राहतेच. प्रतिपिंड तपासणीची ताकद आणि तिच्या बहुतेक मर्यादा या एका गोष्टीतून निघतात.

प्रयोगशाळेत घडते ते असे. प्लास्टिकच्या तबकडीत ९६ खळगे असतात. त्यांच्या तळाशी ओरिएंशियाच्या पृष्ठभागावरील ५६ किलोडाल्टन वजनाचे प्रथिन, तेही प्रयोगशाळेत तयार केलेले, चिकटवलेले असते. रुग्णाच्या रक्तातून वेगळे केलेले सीरम पातळ करून त्यात टाकतात. त्या प्रथिनाला ओळखणारी प्रतिपिंडे असतील तर ती तळाशी घट्ट बसतात, बाकी सर्व धुऊन जाते. यानंतर मानवी आयजीएम प्रतिपिंडाला चिकटणारे, विकर जोडलेले दुसरे प्रतिपिंड टाकतात आणि शेवटी रंग देणारे द्रावण. विकरामुळे ते निळे होते, आम्ल घालताच पिवळे. पिवळेपणा जितका गडद तितकी प्रतिपिंडे अधिक. यंत्र ते आकड्यात मोजते.

आकडा किती आला म्हणजे रोग मानायचा, हा प्रश्न मात्र यंत्र सोडवत नाही. ज्या भागात लोक वर्षानुवर्षे चिगरच्या सहवासात राहतात, तेथील निरोगी माणसांच्या रक्तातही थोडी प्रतिपिंडे असतात. म्हणून त्या त्या भागातील निरोगी लोकांचे रक्त तपासून सीमारेषा ठरवणे आवश्यक ठरते. भारतात बऱ्याच प्रयोगशाळा ०.५ हा आकडा वापरतात. दुसऱ्या देशात ठरलेली रेषा धानपट्ट्यातल्या शेतमजुराला जशीच्या तशी लावणे, हे कोरडवाहू जमिनीची खतमात्रा बागायतीला लावण्यासारखे होय.

जुनी चाचणी अजून का चालते

एलायझापूर्वी, आणि छोट्या गावांत आजही, वेल-फेलिक्स चाचणी केली जाते. १९१६ साली एडमंड वेल आणि आर्थर फेलिक्स यांना असे आढळले की टायफसच्या रुग्णाचे सीरम प्रोटियस या सर्वस्वी वेगळ्या जिवाणूच्या गुठळ्या करते. दोघा जिवाणूंच्या अंगावरील काही घटकांत साम्य असल्याने हे घडते. स्क्रब टायफससाठी प्रोटियसचा ओएक्स-के हा वाण वापरतात. चाचणी अतिशय स्वस्त आहे, यंत्र लागत नाही. पण शेजाऱ्याच्या चेहऱ्यावरून माणूस ओळखण्याचा हा प्रकार असल्याने अनेक खरे रुग्ण तीतून निसटतात, तर मूत्रमार्गात प्रोटियसचा संसर्ग असलेला माणूस उगाच अडकतो. वेल-फेलिक्स होकारार्थी आल्यास ती संशयाला बळ देते; नकारार्थी आली म्हणून स्क्रब टायफस नाही असे म्हणता येत नाही.

येथे नावाचा घोळही होतो. टायफॉइड, म्हणजे विषमज्वर, आणि टायफस हे दोन वेगळे आजार. टायफॉइडसाठी १८९६ पासून वापरात असलेली विडाल चाचणी गावोगावच्या प्रयोगशाळांत कोणत्याही तापासाठी केली जाते आणि ‘टायफॉइड निघाला’ असे सांगून रुग्णाला सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची इंजेक्शने सुरू होतात. विडालही प्रतिपिंडेच मोजते. पूर्वी झालेला संसर्ग किंवा घेतलेली लस यांमुळेही ती होकारार्थी येऊ शकते. रुग्णाला प्रत्यक्षात स्क्रब टायफस असेल तर ती इंजेक्शने निरुपयोगी ठरतात. पेनिसिलीन आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनच्या गटातील औषधे जिवाणूच्या भित्तिकेवर घाव घालतात. ओरिएंशियाची भित्तिका त्या घावाला दाद देणारी नाही. महाग इंजेक्शन चालू असते, ताप उतरत नाही आणि मौल्यवान दिवस निघून जातात.

दिवस मोजणे

प्रतिपिंडे लगेच तयार होत नाहीत. आयजीएम हे पहिल्या फळीचे प्रतिपिंड; ते ताप आल्यानंतर साधारण पहिल्या आठवड्याच्या अखेरीस मोजण्याइतके वाढते. आयजीजी त्यामागून येते आणि दीर्घकाळ टिकते. तापाच्या तिसऱ्या दिवशी घेतलेल्या रक्ताचा एलायझा अहवाल नकारार्थी येणे म्हणूनच स्वाभाविक आहे. त्या अहवालाचा अर्थ ‘स्क्रब टायफस नाही’ असा नसून ‘अजून नोंद झालेली नाही’ एवढाच होतो. पहिल्या आठवड्यात पीसीआर ही जिवाणूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी अधिक उपयोगी पडते; खपली असल्यास तिच्या तुकड्यावर ती विशेष चांगली चालते. डेंग्यूतही हेच गणित आहे : पहिल्या पाच दिवसांत विषाणूचे एनएस१ प्रथिन शोधतात, त्यानंतर आयजीएम.

सर्वांत भक्कम पुरावा दोन नमुन्यांतून मिळतो. पहिले रक्त आजारात आणि दुसरे सुमारे दोन आठवड्यांनी घेऊन दोन्हींची पातळी ताडून पाहतात. सीरम दुप्पट-दुप्पट पातळ करत न्यावे आणि कोठपर्यंत प्रतिक्रिया दिसते ते पाहावे. पहिले १:१०० पर्यंत आणि दुसरे १:४०० पर्यंत प्रतिक्रिया देत असेल, तर चौपट वाढ झाली आणि संसर्ग ताजाच होता हे सिद्ध झाले. प्रदीप्त प्रतिपिंड पद्धतीने, म्हणजे विशिष्ट सूक्ष्मदर्शकाखाली चमकणाऱ्या रंगाच्या साहाय्याने, असे मापन करणे हे प्रमाण मानले जाते. अडचण उघड आहे. दुसरा नमुना येईपर्यंत रुग्ण बरा झालेला असतो किंवा गेलेला असतो. साथीच्या अभ्यासाला ही पद्धत अपरिहार्य. खाटेवरच्या रुग्णाला तिचा उपयोग थोडा.

होकाराचे वजन ऋतूनुसार बदलते

एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. समजा, एखादी चाचणी १०० खऱ्या रुग्णांपैकी ९० ओळखते आणि रोग नसलेल्या १०० जणांपैकी ५ जणांना चुकून होकार देते. आश्विनात तापाचे १००० रुग्ण आले आणि त्यांतील ३०० जणांना खरोखर स्क्रब टायफस आहे असे धरू. चाचणी त्यांतील २७० जणांना पकडेल आणि उरलेल्या ७०० पैकी ३५ जणांना खोटा होकार देईल. म्हणजे ३०५ होकारांपैकी २७० खरे. आता तीच चाचणी, तेच यंत्र, तोच तंत्रज्ञ, पण महिना वैशाख. १००० तापकऱ्यांत खरे रुग्ण फक्त १०. खरे होकार ९, खोटे सुमारे ५०. दहा होकारांतले आठहून अधिक चुकीचे!

चाचणी बिघडलेली नाही. ज्या गर्दीवर ती लावली ती बदलली. रुग्ण कोठे काम करतो, गवतात उतरला होता का, त्या गावात याआधी असे रुग्ण झाले का, ही माहिती अहवालाइतकीच महत्त्वाची असते ती यामुळे. आणि ही माहिती तालुक्याच्या डॉक्टरांपेक्षा विस्तार कार्यकर्त्याला पुष्कळदा अधिक असते.

आयजीएम काही महिने, क्वचित वर्षभरही रक्तात रेंगाळू शकते. उलट, पूर्वी हा आजार झालेल्याला तो पुन्हा झाला तर आयजीजी झपाट्याने वाढते आणि आयजीएम फारशी वर येतच नाही. पुन्हा होतो, हेही खरेच. ओरिएंशियाचे कार्प, काटो, गिलियम असे निरनिराळे वाण आहेत. ज्या ५६ किलोडाल्टन प्रथिनावर एलायझा आधारलेली आहे तेच वाणागणिक बदलते. एका वाणाविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्याविरुद्ध फारशी कामी येत नाही. या रोगावर अद्याप लस नाही, त्यात या विविधतेचा मोठा वाटा आहे.

गोठ्यातला दाखला

ज्यांनी पशुवैद्यकीय शिबिरांत काम केले आहे, त्यांना प्रतिपिंडांचा हा पेच ब्रुसेलोसिसमुळे परिचित असेल. गर्भपात झालेल्या गायीचे सीरम रोझ बंगाल रंगद्रव्याच्या प्रतिजनाबरोबर पत्र्यावर वा काचेवर मिसळले की काही मिनिटांत गुठळ्या दिसतात. परंतु एस-१९ लस दिलेल्या जनावरातही प्रतिपिंडे असतात. लसीकरण केवळ ४ ते ८ महिने वयाच्या मादी वासरांनाच करण्यामागे एक कारण हेही आहे की लहान वयात दिलेल्या लसीची प्रतिपिंडे जनावर मोठे होईपर्यंत बहुतांशी ओसरतात. मोठ्या गायीला ती लस दिली तर पुढे अहवाल आजाराचा की लसीचा हे सांगणे कठीण होते. कानातील बिल्ला आणि लसीकरणाची नोंद पाहिल्याशिवाय पशुवैद्य अहवाल वाचत नाही. माणसाच्या बाबतीत मात्र इतकी चौकशी नेहमी होतेच असे नाही.

लेप्टोस्पायरोसिसलाही हीच शिस्त लागू पडते. धानाच्या चिखलात उंदरांच्या मूत्रातून पसरणारा हा जिवाणू-आजार स्क्रब टायफसच्याच हंगामात येतो आणि त्याचीही आयजीएम चाचणी पहिले काही दिवस मूक राहते. मुंबईत २६ जुलै २००५ च्या पुरानंतर तो शहरभर बोलला गेला. धानपट्ट्यात त्याचा संशय क्वचितच घेतला जातो.

अहवालाची वाट पाहू नये

प्रतिपिंड तपासणीचा वापर कोणत्या चुकीने जीव घेऊ शकतो, हे उत्तर प्रदेशातील गोरखपूरच्या अनुभवावरून दिसते. तेथे दरवर्षी पावसाळ्यात मेंदूज्वराने मुले दगावत. वर्षानुवर्षे लक्ष जपानी मेंदूज्वराच्या विषाणूवर केंद्रित होते. पुढे २०१५-१६ च्या सुमारास रुग्णांची पद्धतशीर तपासणी झाली, तेव्हा त्यांतील निम्म्याहून अधिक मुलांत स्क्रब टायफसचे पुरावे मिळाले. जो आजार औषधाने बरा होऊ शकत होता तो नजरेआड राहिला, कारण त्याची तपासणीच होत नव्हती.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना या बाबतीत स्पष्ट आहेत : संशय पुरेसा असेल तर प्रयोगशाळेच्या अहवालासाठी न थांबता उपचार सुरू करावेत. प्रौढांना डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सर्वसाधारणपणे सात दिवस; गरोदर स्त्रियांना अ‍ॅझिथ्रोमायसिन. अत्यवस्थ रुग्णांत दोन्ही औषधे शिरेतून एकत्र दिल्यास परिणाम अधिक चांगला होतो, हे भारतातील रुग्णालयांत झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसून आले. औषध अर्थातच डॉक्टरांनीच द्यावयाचे आहे. शेतकरी फवारणीसाठी वापरतात त्या स्ट्रेप्टोसायक्लिनमध्ये डॉक्सिसायक्लिनच्याच कुळातले टेट्रासायक्लिन असते. ते कारणाशिवाय पिकावर ओतणे कितपत शहाणपणाचे, याचा विचार या निमित्ताने करण्यास हरकत नाही.

प्रतिबंधाचे उपाय साधे आहेत. घराभोवतीचे आणि नेहमीच्या पाऊलवाटेचे गवत कापावे. बांधावर न झोपावे, गवतावर कपडे वाळत घालू नयेत. कामावर पूर्ण बाह्यांचा सदरा व पायघोळ घालावी. घरी येताच साबणाने अंघोळ करून कपडे धुवावेत. शेतभर कीटकनाशक फवारून चिगर आटोक्यात येत नाही. मित्रकीटक तेवढे मरतात. उंदीर-नियंत्रण पिकासाठी हवेच, परंतु कोठार कोळ्यातच असल्याने केवळ उंदीर मारून रोगाचा ठिपका पुसला जात नाही.

भाद्रपद ते मार्गशीर्ष या काळात गावात कोणाचा ताप पाच दिवस उलटूनही उतरत नसेल, तर विस्तार कार्यकर्त्याने त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेताना तीन गोष्टी डॉक्टरांच्या कानावर घालाव्यात : ताप नेमका कोणत्या तारखेला सुरू झाला, त्याआधीच्या तीन आठवड्यांत रुग्ण कोठल्या गवतात काम करत होता, आणि अंगावर कोठे काळी खपली आहे का. रक्ताच्या नळीवर नमुना घेतल्याच्या तारखेबरोबर ताप सुरू झाल्याची तारीखही लिहून घ्यावी. तिच्याशिवाय आयजीएमचा आकडा वाचता येत नाही. बरा झालेल्या रुग्णाने तो अहवाल जपून ठेवावा. पौषात त्याला पुन्हा ताप आला आणि आयजीएम पुन्हा होकारार्थी दिसली, तर ती आत्ताची आहे की आश्विनातली, हे डॉक्टरांना त्या जुन्या कागदावरून कळेल.